वेतुस, वेक्लुस, वेल्हा

टायबर नदीच्या काठचा गुरांचा बाजार, इ.स.पू. ३४०च्या आसपासची सकाळ. पॅलाटाइन टेकडीच्या उतारावरून तुम्ही खाली आलात आणि शेणाचा, ओल्या मातीचा आणि ताज्या गवताचा वास नाकात भरला. वास ओळखीचा आहे, बोली मात्र परकी. संगमरवरी रोम अजून तीनेकशे वर्षं दूर आहे. इथे आहेत लाकडाचे खांब, मातीच्या भिंती आणि दोरीला हिसके देणारी जनावरं.

एक शेतकरी थकलेला बैल घेऊन उभा आहे, शेजारी त्याचा मुलगा. गिऱ्हाईक बैलाच्या तोंडात हात घालून दात पाहतं आणि म्हणतं, "बोस वेतुस." म्हातारा बैल आहे. वेतुस म्हणजे जुना. या एका विशेषणामागे आपल्याला जायचं आहे, म्हणून कान तिकडे लावा. आता 'म्हाताऱ्या बैलाची' किंमत ठरायची आहे, म्हणजे षष्ठी विभक्ती आली. बाप म्हणतो 'वेतेझिस'. मुलगा तेच सांगतो, पण 'वेतेरिस' असं. बापाच्या तोंडात मधलं व्यंजन गुणगुणतं, मुलाच्या जिभेवर ते थरथरून 'र' होतं. भांडण कोणाचंच नाही, दोघांना एकमेकांचं नीट कळतं. अशा असंख्य बापलेकांमध्ये लॅटिन या शतकात बदलते आहे.

दोन स्वरांच्या मधे सापडलेला 'स' आधी मऊ होऊन 'झ' झाला आणि मग त्याचा 'र' झाला. याचा पुरावा दगडावर आहे. सात्रिकुम इथल्या देवळाच्या पायात १९७७ साली एक शिलालेख सापडला, इ.स.पू. ५००च्या सुमाराचा. पुढे 'वालेरियुस' म्हणून गाजलेल्या घराण्याचं नाव त्यावर 'स' घालून कोरलं आहे, 'वालेसियोसियो' असं. रोमन वक्ता सिसेरोनं एका मित्राला लिहिलेल्या पत्रात सांगितलं आहे की इ.स.पू. ३४०च्या सुमारास हुकूमशहा झालेला लुसियुस पापिरियुस क्रासुस हा स्वतःला 'पापिसियुस' म्हणवून घेणं सोडणारा त्याच्या कुळातला पहिला पुरुष. म्हणजे तुम्ही बाजारात उभे आहात त्याच दिवसांत वरच्या टेकडीवरची बडी मंडळीही आपल्या आडनावातला 'स' बदलून घेत होती.

विसर्गसंधी शिकलेल्या माणसाला हे वळण नवं वाटू नये. निः आणि आशा मिळून निराशा होते, दुः आणि आचार मिळून दुराचार. तिथेही मुळात 'स'च होता आणि पुढे स्वर आला की त्याचा 'र' झाला. कारणपरंपरा वेगळी, पण तोंडाची खोड तीच. प्रथमेत 'वेतुस'चा 'स' शब्दाच्या टोकाला आहे, त्याच्यापुढे स्वर नाही, म्हणून तो वाचला. षष्ठीत तो दोन स्वरांच्या कात्रीत सापडला. लॅटिन शिकणारा विद्यार्थी 'वेतुस, वेतेरिस' असं जोडीनं पाठ करतो आणि हा 'र' कुठून उपटला असं त्याला वाटतं. तो उपटलेला नाही. तो जुना 'स'च आहे.

बाजार सोडण्यापूर्वी त्या बैलाच्या पलीकडे बांधलेलं वासरू पाहा. त्याला हे लोक 'वितुलुस' म्हणतात. वेतुस आणि वितुलुस, जुनं आणि वासरू, यांचं मूळ एकच आहे असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि ते मूळ म्हणजे 'वर्ष'. ग्रीकमध्ये वर्षाला 'एतोस' म्हणत, त्याआधी 'वेतोस'. संस्कृतात 'वत्सर' आणि 'संवत्सर'. ज्याच्या अंगावर पुष्कळ वर्षं साचली ते वेतुस. जेमतेम एक वर्षाचं ते वितुलुस, आपला 'वत्स'. 'वत्सरूप' झिजून मराठीत 'वासरू' झालं. पाडव्याला पंचांगात संवत्सराचं नाव वाचताना आणि गोठ्यात वासरू सोडताना आपण त्याच धातूला हात लावत असतो.

या मुळातच विशेषणाचं एक वेगळं लक्षण दडलं आहे. लॅटिनमध्ये चांगला म्हणायचं तर पुरुषाला बोनुस, स्त्रीला बोना, वस्तूला बोनुम. आपल्या चांगला, चांगली, चांगलं यांसारखं. वेतुस मात्र तिघांनाही वेतुसच. म्हातारा बैल, जुनी मैत्री, जुनं द्राक्षमद्य, सगळीकडे तेच रूप. वेतुस हे आधी 'वर्ष' या अर्थाचं नाम होतं आणि नंतर विशेषण म्हणून वापरात आलं, असा याचा उलगडा केला जातो. नाम लिंगाप्रमाणे आपलं शेपूट बदलत नाही, आणि वेतुसनं ती जुनी सवय सोडली नाही.

आता तीनशे वर्षं पुढे, इटलीच्या टाचेवर. ब्रुंदिसियुमचं बंदर, इ.स.पू. ५५चा नोव्हेंबर. समुद्र खवळलेला आहे आणि मार्कुस लिकिनियुस क्रासुस पार्थियावर स्वारी करायला सैन्यासह निघतो आहे. धक्क्यावर एक फेरीवाला आशिया मायनरमधल्या काउनुस गावचे सुके अंजीर विकतो आहे. तो ओरडतो, "काउनेआस!" तुमच्या शेजारचा सैनिक चमकून मागे पाहतो. त्याला ऐकू आलं ते 'कावे ने एआस': जपून, जाऊ नकोस.

ही गोष्ट सिसेरोनं शकुन-अपशकुनांवरच्या ग्रंथात नोंदवली आहे. त्याचा स्वतःचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. यांना भ्यायचं ठरवलं तर ठेच, चपलेचा तुटलेला पट्टा आणि शिंक यांनाही भ्यावं लागेल, असा त्याचा रोख. क्रासुस गेला आणि इ.स.पू. ५३मध्ये काऱ्हाएच्या रणात मारला गेला. आपल्यासाठी त्या आरोळीचं मोल वेगळं आहे. 'कावे'मधला 'व' वरचे दात खालच्या ओठावर टेकवून काढला, तर 'काउनेआस'शी त्याचा मेळच बसत नाही. ओठ गोल करून, 'उ'कडे झुकणारा 'व' काढला आणि घाईत शेवटचे स्वर गिळले, तरच दोन्ही एक होतात. एका अंजीरवाल्याच्या ओरडण्यातून दोन हजार वर्षांपूर्वीचा 'व' कसा होता ते कळतं. उच्चारांच्या इतिहासातला इतका जिवंत पुरावा मला दुसरा माहीत नाही.

तर इथेच, धक्क्यावर, वेतुस म्हणून पाहा. ओठांचा चंबू करून 'व'. मग आखूड 'ए', लांबवायचा नाही. 'त' मराठीतलाच, दातांना जीभ लावून. इंग्रजी वळणाच्या माणसाला तो घोटावा लागतो, आपल्याला तो घरचाच आहे. मग ऱ्हस्व 'उ' आणि शेवटी स्पष्ट 'स'. हा शेवटचा 'स'ही कायम स्पष्ट नव्हता. सिसेरोच्या आधीच्या पिढ्यांत पुढे व्यंजन आलं की तो गळत असे आणि जुने कवी वृत्तात त्याला धरतही नसत. इ.स.पू. ४६मध्ये सिसेरो लिहितो की 'स' गाळणं आता गावंढळ वाटतं, एके काळी तेच सुसंस्कृतपणाचं लक्षण होतं. कानाची प्रतिष्ठा अशी फिरते.

आघात कुठे द्यायचा हे ज्यानं शाळेत लघु-गुरूच्या खुणा केल्या आहेत त्याला एका वाक्यात कळेल. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. दोनच अक्षरं असतील तर पहिल्यावर. म्हणून वेतुसमध्ये जोर 'वे'वर. वेतेरिसमध्ये 'ते' लघु, म्हणून जोर पुन्हा 'वे'वर. 'अतिशय जुना' म्हणजे वेतेर्रिमुस. त्यात 'रि' लघु, म्हणून जोर 'तेर्'वर. आणि मुरलेला सैनिक, वेतेरानुस, त्यात 'रा' दीर्घ, म्हणून जोर तिथेच. आपण आज 'व्हेटरन' म्हणतो ते याच वेतेरानुसचं पोर.

बंदरावरच्या खानावळीत शिरलात तर उरलेली रूपंही कानावर पडतील. जुनं मद्य, 'विनुम वेतुस'. जुन्या मद्याचा, 'विनी वेतेरिस'. जुन्या मद्यानं, 'विनो वेतेरे'. या शेवटच्या रूपावर विद्यार्थी हमखास अडखळतात. तिसऱ्या गणातली बहुतेक विशेषणं इथे 'ई'नं संपतात. वेतुस 'ए'नं संपतं. नपुंसकलिंगी अनेकवचनात इतर विशेषणं 'इआ' लावतात, हे नुसतं 'आ' लावतं: वेतेरा. षष्ठीच्या अनेकवचनात इतरांचं 'इउम', याचं 'उम': वेतेरुम. कारण पुन्हा तेच. हा गडी जन्मानं नाम आहे आणि नामांच्याच पंगतीत बसतो. अपवादांची यादी म्हणून हे पाठ करणं कंटाळवाणं आहे. घराणं कळलं की पाठ करायला फारसं उरत नाही.

अर्थाचाही एक पदर इथेच उलगडून घेऊ. रोमन माणूस वयोवृद्धाला सेनेक्स म्हणे, फार पूर्वीच्या काळातल्या गोष्टीला आंतिकुउस, आणि जी गोष्ट दीर्घकाळ टिकून आजही आहे तिला वेतुस. म्हातारा, प्राचीन आणि जुना, अगदी आपल्यासारखी वाटणी. सेनेक्सचं संस्कृतातलं भावंड 'सन', ज्यावरून सनातन. गुरांना आणि झाडांना मात्र म्हातारपणीही वेतुसच म्हणत.

पुढचा मुक्काम उत्तरेला, ऱ्हाइन नदीवर, आज जिथे जर्मनीतलं क्सांटेन आहे तिथे. इ.स. ७०चा हिवाळा. लष्करी तळाचं नाव वेतेरा, आत्ता आपण पाहिलं तेच नपुंसकलिंगी अनेकवचन. छावणीला लॅटिनमध्ये 'कास्त्रा' म्हणतात आणि तो शब्द अनेकवचनीच असतो, म्हणून जुनी छावणी ती 'वेतेरा'. बटावियन सरदार सिविलिसनं तिला वेढा घातला आहे. आत जेमतेम पाच हजार हत्यारबंद माणसं आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की त्यांनी आधी घोडे आणि ओझ्याची जनावरं खाल्ली आणि मग दगडांच्या फटींत उगवलेलं गवत आणि मुळं. शेवटी ते शरण आले आणि शब्द मोडून त्यांची कत्तल झाली. विशेषणाचं एक रूप, वेतेरा, या माणसांच्या मरणाचा पत्ता होऊन राहिलं. इथे फार थांबवत नाही. नदीपलीकडच्या जर्मानिक लोकांनी रोमनांकडून मद्य घेतलं आणि 'विनुम' हा शब्दही घेतला, तेव्हाही तो 'व' गोल ओठांचाच होता. इंग्रजीतला 'वाइन' त्याची साक्ष आहे.

रोमन ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीजवळ, कार्लाइलच्या रोमन ठाण्यात, तुमच्यासमोर मातीचा एक रांजण येतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या तिंगीहून, म्हणजे आजच्या तांजियरहून, त्यात कुप्पा माशाचं खारवलेलं कालवण आलं आहे. गळ्याखाली कुंचल्यानं, शाईत, तुटक अक्षरांत माहिती लिहिली आहे आणि त्यात वेतुसची फक्त पहिली तीन अक्षरं. मुरलेलं आहे, म्हणून भारी आहे. लोणच्याच्या बरणीकडे आपण ज्या विश्वासानं पाहतो तोच विश्वास त्या तीन अक्षरांत भरलेला आहे. जुनं म्हणजे टाकाऊ, असा अर्थ या शब्दाला तेव्हा मुळीच नव्हता.

आता रोममध्ये परत, इ.स. ८०च्या दशकात. हिस्पानियातून आलेला क्विंतिलियन हा वक्तृत्वाचा शिक्षक आहे, सम्राट व्हेस्पासियननं त्याला सरकारी तिजोरीतून पगार बांधून दिला आहे. काही वर्षांनी तो आपला मोठा ग्रंथ लिहील आणि त्यात सम्राट ऑगस्टसच्या एका पत्राची आठवण सांगेल. ऑगस्टसनं आपल्या नातवाला, गायुस सीझरला, झापलं होतं. कशावरून? तो गरम या अर्थी 'काल्दुम' न म्हणता 'कालिदुम' म्हणतो यावरून. 'कालिदुम' अशुद्ध आहे असं ऑगस्टसचं म्हणणं नव्हतं. ते त्याला कंटाळवाणं आणि नटवं वाटत होतं. साऱ्या साम्राज्याचा धनी पोराला सांगत होता की लोक बोलतात तसं बोल, मधला स्वर गाळून.

हा गळणारा मधला स्वर लक्षात ठेवा, कारण आपलं विशेषण आता त्याच्याच तावडीत सापडणार आहे. आघातानंतरचं लघु अक्षर बोलताना विरघळतं. माणूस, पण माणसाला. आणि बोलताना तर 'माण्साला'. कापूस, कापसाचा, 'काप्साचा'. मराठी तोंडाला हे कोणी शिकवावं लागत नाही, तसं ते रोमन तोंडालाही शिकवावं लागलं नाही.

मधल्या काळात वेतुसच्या शेजारी त्याचं लाडकं रूप वाढत होतं: वेतुलुस. म्हातारबा, थेरडा, जुनाट, असं प्रेमाचं किंवा तुच्छतेचं, प्रसंग पाहून. पण त्याच्याजवळ एक सोय होती जी वेतुसजवळ नव्हती. म्हातारा वेतुलुस, म्हातारी वेतुला. लिंग ऐकू येत होतं. शेवटची व्यंजनं पुसट होत चालली होती आणि विभक्त्या एकमेकींत मिसळत होत्या, अशा काळात बोलणाऱ्याला हे हवंच होतं. वेतुस लिहिण्यात राहिलं. बाजारात, घरात, भांडणात वेतुलुस आलं.

आणि आता एका वर्गात बसा. नेमकं कुठलं शतक, कुठलं गाव, यावर विद्वानांचं एकमत नाही. काही त्याला तिसऱ्या-चौथ्या शतकात नेतात, काही बरंच पुढे. मेणाच्या पाट्या आहेत, हातात टोकदार लेखण्या आहेत. मास्तर जोड्या सांगतो आहे: हे म्हणा, ते नको. एकूण २२७ जोड्या. आरसा 'स्पेकुलुम' म्हणा, 'स्पेक्लुम' नको. नर 'मास्कुलुस' म्हणा, 'मास्क्लुस' नको. मग येतं आपलं: 'वेतुलुस' म्हणा, 'वेक्लुस' नको. आणि त्याला लागूनच, 'वितुलुस' म्हणा, 'विक्लुस' नको. जुनं आणि वासरू, गुरांच्या बाजारातली ती दोन भावंडं, एकाच पाटीवर खाली-वर येऊन बसली आहेत. मास्तराला त्यांचं नातं माहीत असण्याचं कारण नाही. एकाच आजारानं दोघांना गाठलं, म्हणून ती शेजारी आली.

तो आजार जवळून पाहा. वेतुलुसमधला 'तु' लघु आहे आणि आघात 'वे'वर आहे. 'उ' गळाला, 'वेत्लुस' उरलं. पण 'त्ल' हे जोडाक्षर लॅटिन तोंडाला सवयीचं नव्हतं. 'क्ल' मात्र अंगवळणी होतं, डोळ्याच्या, कानाच्या, आरशाच्या बोलीरूपांत तेच होतं. जीभ दाताकडून मागे सरकली आणि 'वेक्लुस' झालं. तुमच्या शेजारच्या पोराला विचारलंत तर तो शपथेवर सांगेल की आपण 'वेतुलुस'च म्हटलं.

यादी पुढे सरकते तशी आणखी विशेषणं भेटतात. हिरवा 'विरिदिस', 'विर्दिस' नको. दुःखी 'त्रिस्तिस', 'त्रिस्तुस' नको. तिखट 'आक्रे', 'आक्रुम' नको. गरीब बाईला 'पाउपेर' म्हणा, 'पाउपेरा' नको. आणि गरम? 'कालिदा' म्हणा, 'काल्दा' नको! सम्राटानं नातवाला जे सोडायला सांगितलं, नेमकं तेच हा मास्तर पोरांना धरायला सांगतो आहे. लोकांचा ओढा कुठे आहे ते या जोड्यांतून स्वच्छ दिसतं. स्त्रीला वेगळं रूप, पुरुषाला वेगळं, आणि सगळ्या विशेषणांना एकच सोपा साचा.

मला या अनामिक मास्तराविषयी फार आदर आहे. तो पोरांना छळत होता असं मानणं अन्यायाचं होईल. पोरांना पुढे अर्ज, करार, दस्तऐवज लिहून पोट भरायचं होतं, आणि त्यासाठी लिहिण्याची भाषा यायला हवी होती. आणि त्यानं 'नको' म्हणून जे जे लिहून ठेवलं, तेच आज आपल्याला त्या रस्त्यांवरचं बोलणं ऐकवतं. व्याकरणाच्या शेकडो पानांनी केवळ बरोबर रूपं सांगितली. चूक रूपं इतक्या निगुतीनं यानं जपली.

ती यादी वाचली कशी, तेही पाहण्यासारखं आहे. उत्तर इटलीत त्रेब्बिया नदीच्या खोऱ्यात बोब्बियोचा मठ आहे, आयरिश संन्यासी कोलंबानुसनं ६१४मध्ये स्थापलेला. इ.स. ७००च्या आसपास तिथल्या परंपरेतल्या एका लेखनिकानं ती एका व्याकरणाच्या पोथीत उतरवली. पोथी पुढे नेपल्सला गेली, १७१८मध्ये व्हिएन्नाला नेली गेली, आणि पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा नेपल्सला आली. पुरवणी म्हणून जोडलेली ही पानं. ती गहाळ झाली असती तर 'वेक्लुस' हा शब्द आपल्याला केवळ तर्कानं मांडावा लागला असता.

नको म्हटलेलं रूपच जगलं. वेक्लुसपासून इटालियन 'वेक्क्यो', रुमानियन 'वेक', स्पॅनिश 'व्येखो', फ्रेंच 'व्येय' आणि 'व्यो'. शुद्ध वेतुस गावांच्या नावांत शिरून बसलं. उंब्रियातल्या टेकडीवरचं ओर्व्हिएतो म्हणजे 'उर्ब्स वेतुस', जुनं शहर. गॅलिसियातलं पोन्तेवेद्रा म्हणजे जुना पूल. लिस्बनच्या उत्तरेला तोरेस वेद्रास आहे, जुने बुरूज. नेपोलियनच्या फौजांना १८१०मध्ये अडवणारी तटबंदी याच नावानं ओळखली जाते. या 'वेद्रास'मध्ये लोकांनी वेतुसला शेवटी स्त्रीलिंगी शेपूट लावलेलं दिसतं.

पोर्तुगालमध्ये त्या 'क्ल'चं आणखी एक रूपांतर झालं. जिभेचा मधला भाग टाळूला चिकटवून म्हटलेला 'ल', 'ल्य'च्या जवळचा. वेक्लु झाला 'व्हेल्यु', वेक्ला झाली 'व्हेल्या'. लिहिताना हा ध्वनी 'ल' आणि 'ह' अशा दोन रोमन अक्षरांनी दाखवायची रीत पडली. 'व'सुद्धा तोवर गोल ओठांचा राहिला नव्हता, तो दात आणि ओठ यांच्यामधून घासत येऊ लागला होता. हे विशेषण, या उच्चारासकट, गलबतात बसून १५१०मध्ये मांडवीत शिरलं.

इ.स. १५८३चा ऑक्टोबर. तुम्ही गोव्यात आहात. सेंट पॉल कॉलेजात लॅटिन शिकवली जाते, छापखाना येऊन पाव शतक उलटलं आहे. इंग्लंडहून आलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स, चार वर्षांपूर्वी इथे उतरलेला, आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहितो आहे. त्यात तो या प्रदेशातल्या भाषांविषयी लिहितो: त्या पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार गोड आहे आणि त्यांची घडण लॅटिन-ग्रीकसारखी आहे. ज्याला विभक्त्या कोळून पाजल्या आहेत त्याच्या कानांनी, इथल्या लोकांचं 'जुना, जुनी, जुनें' आणि 'जुन्या घरांत' ऐकून केलेली ही नोंद आहे. याच माणसानं पुढे ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं. वेतुस आणि वत्सर यांचं नातं ध्वनिनियमांनी बांधायला मात्र १९वं शतक उजाडावं लागलं.

शेवटचा टप्पा आजचा. पणजीच्या कदंबा स्थानकावर उभे राहा. मडगावच्या बाजूला जाणारी गाडी पिलारजवळून पुढे जाते आणि एका गावात थांबते. देवनागरीत त्याचं नाव 'गोवा वेल्हा' असं लिहितात, कोकणीत 'थोरलें गोंय'. इथे जुवारीच्या काठी कदंबांची गोपकपट्टण ही राजधानी होती. पोर्तुगीज आले तेव्हा तिचं वैभव ओसरलं होतं, म्हणून ते गोवा 'जुनं'. दुसऱ्या दिशेला, फोंड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, मांडवीच्या काठी बॉम जेझूची बासिलिका आणि से कॅथेड्रल असलेलं शहर. ते पोर्तुगिजांनी आपली राजधानी केलं, साथीच्या रोगांनी ते ओस पडत गेलं आणि १८४३मध्ये पणजीला 'नोव्हा गोवा' असं नाव देऊन राजधानीचा दर्जा मिळाला. मग हेही जुनं झालं: 'वेल्हा गोवा', आपलं जुने गोवे, कोकणीत 'पोरणें गोंय'.

एकच नाम, एकच विशेषण, दोन गावं आणि दोन नद्या. फरक केवळ आधी-नंतरचा. सिसेरोच्या लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या आधी ठेवा की मागे, कोणतं विशेषण कोणत्या नामाचं हे शेपटं सांगत. ती शेपटं झिजल्यावर पोर्तुगीजमध्ये शब्दांच्या जागेला वजन आलं आणि गोव्यात त्या जागेवरून गाव ठरू लागलं. उच्चाराचंही तसंच. रोमन लिपीतला तो 'ह' आपल्याकडच्या वाचणाऱ्यांनी 'ल'चा हकार मानला, कारण 'ल्ह' आपल्या तोंडाला सहज येतो. 'व्हेल्या'चा 'वेल्हा' झाला. मास्तर असता तर त्यानं २२८वी जोडी लिहिली असती. बसमध्ये चढताना कंडक्टरला 'गोवा वेल्हा' म्हणालात तर तिकीट जुवारीकडचं मिळेल. बासिलिका पाहायची असेल तर 'ओल्ड गोवा' किंवा 'जुने गोवे' म्हणा आणि फोंड्याच्या गाडीत बसा.